चावडीच्या दप्तरात नसलेला इतिहास : दया पवार आणि ‘बलुतं’

आपल्या नगर जिल्ह्याचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा, इतिहास सांगा म्हटलं की कुणीही सुरुवात भुईकोट किल्ल्यापासून करतो. १४९० साली अहमद निजामशहानं शहर वसवलं, मोगलांच्या वेढ्यात चांदबिबीनं किल्ला लढवला, पुढे मलिक अंबरानं निजामशाही सावरून धरली, १८०३ साली इंग्रजांनी किल्ला घेतला. मग सांगणारा एकदम येतो १९४२ वर. पंडित नेहरू आणि काँग्रेस कार्यकारिणीची मंडळी याच किल्ल्यात कैदेत होती आणि १९४४ साली इथंच बसून नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. हे सगळं खरं आहे, आणि जिल्ह्याला त्याचा अभिमान वाटणं साहजिक आहे.

पण किल्ल्याच्या भिंतीआड भारताचा शोध चालला होता, त्या वर्षी याच जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातल्या धामणगावच्या महारवाड्यातला एक पोरगा नऊ वर्षांचा होता. त्याचं नाव दगडू मारुती पवार. त्याचा बाप, त्याची आजी, वाड्यातले येसकर, बोर्डिंगातली पोरं यांच्यापर्यंत त्या शोधाची वाट आली नाही. नेहरूंना दोष द्यावा म्हणून हे लिहीत नाही. त्या काळात इतिहास लिहिणाऱ्या बहुतेकांची वाट तिकडून जातच नव्हती. ती वाट पुढे त्या पोरालाच पाडावी लागली. दगडूचे ‘दया पवार’ झाले आणि १९७८ साली त्यांनी ‘बलुतं’ लिहिलं. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातली ही घटना किल्ल्याच्या कुठल्याही वेढ्यापेक्षा कमी मोठी नाही, असं आमचं मत आहे. ते का, हे या लेखात मांडायचं आहे.

दप्तर काय सांगतं?

१८८४ साली इंग्रज सरकारनं अहमदनगर जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं. जाडजूड ग्रंथ. त्यात डोंगर, नद्या, पिकं, बाजार, देवळं, जातीजमाती सगळं आहे. महारांवरही मजकूर आहे. पण तो बाहेरून बघणाऱ्याचा. माणसं कोणत्या कामाची, काय खातात, लग्नं कशी करतात याची नोंद साहेबानं केली. त्या माणसांना स्वतःबद्दल काय वाटतं, हे विचारायचं कारण त्याला दिसलं नाही.

गावच्या चावडीतलं दप्तर तर त्याहून कोरडं. त्यात महार म्हणजे ‘कनिष्ठ गावकामगार’. वतनदार असं भारदस्त नाव, पण काम काय? चावडीची राखण करायची. सरकारी अंमलदार आला की त्याच्या दिमतीला राहायचं, त्याच्या घोड्यापुढं पळायचं. सारा तालुक्याला पोचवायचा. गावात मयत झालं तर परगावच्या सोयऱ्यांना उन्हातान्हात चालत जाऊन सांगायचं. मेलेलं जनावर ओढून न्यायचं. शिवेचं भांडण निघालं की साक्षीला उभं राहायचं. पाळी येईल त्या घरानं येसकराची काठी धरायची आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागत फिरायचं. मोबदला काय, तर सुगीला खळ्यावर मिळणारं धान्य, म्हणजेच बलुतं, आणि हाडकी-हाडोळ्याची जमीन. ती जमीन भाऊबंदांत वाटता वाटता इतकी बारीक झालेली की त्यात एका घराचं पोट भरायचं नाही. वरून सरकारला ‘जुडी’ नावाचा सारा द्यायचाच.

म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ‘बावन्न हक्कां’ची गोष्ट असायची. बेदरच्या बादशहानं आपल्या पूर्वजाला बावन्न हक्क दिले, अशी. पोरंही ती मोठ्या तोऱ्यात सांगायची. हक्क म्हणायचं, पण त्यात उष्टं अन्नही आलं आणि मढ्यावरचं कापडही आलं. गुलामीला हक्काचं नाव दिलं की गुलाम ती सोडायला तयार होत नाही. बाबासाहेबांनी नेमकं हे ओळखलं होतं. म्हणून १९२८ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं. सरकारनं जुडी वाढवली तेव्हा डिसेंबर १९३९ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, श्रीरामपूरजवळच्या हरेगावला, महार, मांग आणि वेठिया वतनदारांची परिषद भरली आणि बाबासाहेब तिथं बोलले. प्रत्यक्ष वतनं गेली ती १९५८ च्या कायद्यानं, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

कायद्यानं वतन संपलं. दप्तरात तेवढी नोंद झाली आणि फाईल बंद झाली. पण त्या वतनात माणूस आतून कसा जगला, त्याला लाज कशाची वाटली, हसू कशाचं आलं, त्यानं काय गिळलं, हे कुठल्या फायलीत असणार? ते ‘बलुतं’मध्ये आहे.

दगडूचा दया कसा झाला

दया पवारांचा जन्म १९३५ चा. बालपण थोडं धामणगावला, थोडं मुंबईत. वडील मुंबईच्या गोदीत कामाला. राहायला नागपाड्याजवळचा कावाखाना. एकेका खोलीत पडदे लावून दोन-दोन, तीन-तीन संसार. पुरुष हमाली करायचे, गोदीत, गिरणीत जायचे. बाया रस्त्यावरच्या चिंध्या, कागद, काच, लोखंड वेचायच्या, रात्री निवडून सकाळी विकायच्या. आज आपण ज्याला ‘मुंबईची जडणघडण’ म्हणतो, ती या बायांच्या पाठीवरच्या ओझ्यातूनही झालेली आहे. ‘बलुतं’ वाचण्याआधी हे किती जणांना माहीत होतं?

वडील लवकर गेले. आईनं काबाडकष्ट करून पोराला वाढवलं. संगमनेरला बोर्डिंगात राहून शिक्षण झालं. पुढे मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नोकरी, नंतर रेल्वेची नोकरी. दिवसा कारकुनी आणि बाकी वेळ चळवळ, कविता, सभा, असं आयुष्य. १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा झाली तेव्हा ते एकवीस वर्षांचे तरुण होते. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली आणि मराठी साहित्यात जो उठाव झाला, त्यातला दया पवार हा एक शांत पण ठाम आवाज होता. १९७४ साली ‘कोंडवाडा’ हा कवितासंग्रह आला. धरण बांधणाऱ्या बाईवरचं त्यांचं गाणं तर मोर्च्यामोर्च्यांतून गायलं गेलं. दगड उचलते ती बाई, पाणी जातं दुसऱ्याच्या शेताला, असा त्याचा आशय. अकोले तालुक्यातल्या माणसाला ते परकं वाटायचं कारण नाही. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, त्याला गव्हर्नर विल्सनसाहेबाचं नाव मिळालं, आणि प्रवरेच्या पाण्यावर खालच्या तालुक्यांत ऊस उभा राहिला. पाट्या वाहणाऱ्या बायांचं नाव कुठल्या दगडावर कोरलेलं नाही.

‘बलुतं’ची रीत

‘बलुतं’ ग्रंथालीनं १९७८ साली प्रसिद्ध केलं. त्याची मांडणी साधी दिसते, पण फार विचारानं केलेली आहे. दगडू मारुती पवार नावाचा माणूस आपली कहाणी दया पवार नावाच्या लेखकाला सांगतो. माणूस एकच, पण दोन झालेला. एक खेड्यातला, लाज पदरात बांधून आलेला. दुसरा शिकलेला, पांढरपेशांत बसणारा. आपल्यातल्या पहिल्या शिकलेल्या पिढीला हे दोनपण चांगलं ठाऊक आहे. ऑफिसात एक भाषा, घरी दुसरी. आडनाव विचारलं की घशात आवंढा. दया पवारांनी त्या दोघांना समोरासमोर बसवलं आणि बोलतं केलं.

नावाचीच गोष्ट घ्या. दगडू, धोंडू, कचरू अशी नावं आपल्या आज्या-पणज्यांनी पोरांना ठेवली. पोर जगावं म्हणून ठेवली असं त्या सांगत. पण शूद्राचं नाव तुच्छतादर्शक असावं असं मनूनं सांगून ठेवलेलं होतंच. एका नावात एवढा इतिहास दडलेला असतो. तो दप्तरातून निघत नाही, माणसाला विचारून निघतो.

या पुस्तकात राजे नाहीत, लढाया नाहीत. बोर्डिंगातली पोरं, महारवाड्यातले तमासगीर, दारू, भांडणं, मेलेल्या जनावराच्या मटणावर तुटून पडणारी भूक, शाळेतला अपमान, पहिल्या लग्नाची वाताहत आणि त्यात लेखकाचा स्वतःचा संशयीपणा, हे सगळं आहे. भाषा घरातली आहे. लेखकानं स्वतःलाही सोडलेलं नाही. म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो. पु. ल. देशपांडे यांच्यासारख्या लोकप्रिय लेखकानं या पुस्तकाचं मनापासून स्वागत केलं, आणि मध्यमवर्गीय वाचकाच्या डोळ्यांवरचा पडदा सरकला. पुढे १९९० साली दया पवारांना पद्मश्री मिळाली. २०१५ साली जेरी पिंटो यांनी ‘बलुतं’ इंग्रजीत नेलं.

घरातला विरोध

आता अवघड भागाकडे येऊ. हा भाग अशा लेखांत सहसा गाळला जातो.

‘बलुतं’ आलं तेव्हा बाहेरच्यांनी पाठ थोपटली, पण आपल्याच समाजातल्या काही शिकलेल्या माणसांना ते खटकलं. त्यांचं म्हणणं असं होतं : बाबासाहेबांनी आपल्याला या घाणीतून बाहेर काढलं. आपण बौद्ध झालो, मेलेलं जनावर ओढणं सोडलं, येसकरकी सोडली. आता कुठं पोरंबाळं चार लोकांत ताठ मानेनं बसू लागली, तर हा गृहस्थ आपलं उष्टं-खरकटं, आपल्या बायाबापड्यांची लक्तरं चव्हाट्यावर मांडतो. सवर्ण वाचक चुकचुकतात, टाळ्या वाजवतात, आणि आपली मान खाली जाते. काय गरज होती?

हा प्रश्न फालतू नव्हता. आजही विहारात, लग्नाच्या मांडवात, नातवंडांसमोर हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत येतो. “पोरांना कशाला सांगायचं ते जुनं?” ज्यांनी दीक्षेनंतर घरातले देव नदीत सोडले, त्यांना मागं वळून बघणं म्हणजे पुन्हा त्या वाटेला लागणं वाटलं असेल, तर त्यात त्यांचा दोष काय? जगण्यासाठी काही गोष्टी विसराव्या लागतात. शिवाय लेखकाची आई, बायको, शेजारणी यांना विचारून ते लिहिलं गेलं का, हाही प्रश्न उरतोच. एकाच्या खरं बोलण्यानं दुसऱ्याचं गुपित उघडं पडतं.

तरीही आमचं मत दया पवारांच्या बाजूनं पडतं, आणि त्याला कारण आहे. लाज ही लादलेली होती. भाकरी मागायला लावणारा गाव लाजला नाही, मागणारा लाजला. बिनमोबदल्यात राबवून घेणारं सरकार लाजलं नाही, राबणारा लाजला. ती गोष्ट दडवून ठेवली तर लाज आपल्याकडेच राहते. उघड सांगितली की ती ज्याची आहे त्याच्या दारात जाऊन पडते. ‘बलुतं’ वाचून कुणाची मान खाली जायला हवी, तर ती खळ्यावर पसाभर धान्य टाकून वर्षभर माणूस राबवणाऱ्या व्यवस्थेची.

दुसरं असं, की जे आपण सांगत नाही ते दुसरा सांगतो, आणि त्याच्या सोयीनं सांगतो. ‘गावगाडा किती सलोख्यानं चालायचा, बारा बलुतेदार कसे गुण्यागोविंदानं नांदायचे’ अशी गोड वर्णनं आपण शाळेत वाचलीच ना? त्या गाड्याच्या चाकाखाली कोण होतं, हे चाकाखालच्यानंच सांगितलं पाहिजे. भगवान बुद्धांनी चार आर्यसत्यांत पहिलं सत्य दुःखाचं सांगितलं. दुःख आहे हे मान्य केल्याशिवाय त्याचं कारणही सापडत नाही आणि मार्गही. आपल्या समाजाच्या दुःखाची नोंद करणं हे या अर्थानं धम्माला सोडून नाही.

एकानं तोंड उघडलं

‘बलुतं’नंतर मराठीत आत्मकथनांची रांग लागली. प्र. ई. सोनकांबळ्यांचं ‘आठवणींचे पक्षी’, लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’. मग बाया बोलू लागल्या, आणि ते फार बरं झालं. कारण पुरुषानं लिहिलेल्या कहाणीत बाई आई म्हणून, बायको म्हणून येते. तिचं स्वतःचं म्हणणं बाजूला राहतं. १९८६ साली शांताबाई कांबळे यांचं ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ आणि बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ ही पुस्तकं आली. १९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ केला. बाबासाहेबांच्या चळवळीत राबलेल्या बायांना गावोगाव, घरोघर जाऊन त्यांनी शोधलं, प्रश्न विचारले, लिहून घेतलं. ज्या बायांना आपण काही केलं असं वाटतच नव्हतं, त्यांच्या तोंडून परिषदांचा, सत्याग्रहांचा इतिहास बाहेर आला.

कागदावरून पडद्यावर

दया पवारांचं काम पुस्तकापाशी थांबलं नाही. डॉ. जब्बार पटेल यांनी बाबासाहेबांवर चित्रपट करायचा घाट घातला, तेव्हा सूनी तारापोरवाला आणि अरुण साधू यांच्याबरोबर त्याच्या पटकथेत दया पवार होते. धामणगावच्या महारवाड्यातलं पोर आता बाबासाहेबांचं आयुष्य पडद्यासाठी मांडत होतं. चित्रपट पुरा झालेला पाहणं मात्र त्यांच्या नशिबी नव्हतं. २० डिसेंबर १९९६ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं. चित्रपट २००० साली आला. त्यात बाबासाहेबांची भूमिका करणारे मामुट्टी यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

ही पटकथेची वाट पुढच्या पिढीनं आणखी रुंद केली. नागराज मंजुळे हे सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचे, पण संज्ञापनाचं शिक्षण नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयातलं. त्यांच्या ‘पिस्तुल्या’ लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१३ च्या ‘फँड्री’त त्यांनी कैकाडी पोराची कहाणी सांगितली. धरलेलं डुक्कर काठीला बांधून घरची माणसं शाळेच्या भिंतीजवळून जातात, आणि त्या भिंतीवर बाबासाहेबांचं, सावित्रीबाईंचं चित्र रंगवलेलं आहे. एक शब्द न बोलता सगळं कळतं. श्रीगोंदा तालुक्यातले भाऊराव कऱ्हाडे यांनी ‘ख्वाडा’त मेंढपाळाचं भटकं जिणं पडद्यावर आणलं.

पुणे-नगर रस्त्यावरच्या कोरेगावच्या स्तंभाकडेही असंच कॅमेरा घेऊन जाणारा तरुण निघाला. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं त्या स्तंभावर आहेत, त्यांत ‘नाक’ या अक्षरांनी संपणारी कितीतरी. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथं गेले आणि स्तंभाला नवा अर्थ मिळाला. सोमनाथ वाघमारे यांनी २०१७ मध्ये त्यावर माहितीपट केला. तिथं दरवर्षी येणारी साधी माणसं, त्यांच्या हातातली पुस्तकं, त्यांचं बोलणं त्यात आहे. पुढच्याच वर्षी १ जानेवारीला तिथं हिंसाचार झाला आणि सगळ्या देशाचं लक्ष त्या गावाकडे गेलं. पण ही माणसं तिथं का येतात, याची साक्ष त्या आधीच नोंदवून ठेवलेली होती. वेळेवर केलेल्या नोंदीची किंमत अशी असते.

आपल्या हातात काय आहे?

या स्मरणिकेच्या वाचकांना एवढंच सांगणं आहे, की दया पवार होण्यासाठी मोठा लेखक असावंच लागतं असं नाही. आपल्या प्रत्येक गावात एक न लिहिलेलं ‘बलुतं’ आहे. हरेगावच्या परिषदेला पायी गेलेली माणसं आता राहिली नाहीत, पण त्यांच्याकडून ऐकलेली लेकरं अजून आहेत, तीही ऐंशीच्या घरात. १९५६ ला नागपूरला गावातून कोण कोण गेलं, भाडं कुठून जमवलं, परत आल्यावर गावानं काय केलं, पाणी तोडलं की काम तोडलं, येसकराची काठी कुणी आणि कोणत्या दिवशी खाली ठेवली, हे सांगणारे आज आहेत, उद्या नसतील.

तेव्हा विहाराच्या तरुण मंडळींनी घरातल्या म्हाताऱ्यांजवळ बसावं. मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे. पण आधी विचारावं, “आजी, हे इतरांना ऐकवलं तर चालेल ना?” नाही म्हणाली तर तिचा मान ठेवावा. हो म्हणाली तर तिचं बोलणं जसंच्या तसं ठेवावं, शुद्ध करत बसू नये. माणसाचं नाव, गाव, साल लिहावं. तलाठ्याकडचे वतन जमिनीचे जुने फेरफार काढून जोडावेत, म्हणजे ऐकीव गोष्ट आणि कागद एकमेकांना तपासता येतील. जात्यावरच्या ओव्या, बाबासाहेबांवरची गाणी, जुने फोटो, परिषदांची हँडबिलं, काहीही टाकून देऊ नये. वर्षभरात एका गावाची एक वही झाली, तरी पुढच्या वर्धापनदिनाला ती या विहारात सर्वांना वाचायला ठेवता येईल.

धामणगावच्या दगडूनं आपल्या वाट्याची गोष्ट सांगितली, म्हणून त्याच्या वाड्याचं नाव आज जगाला माहीत आहे. बाकीच्या वाड्यांची नावं अजून घेतली जायची आहेत.

जयभीम.